कोळंबी आम्ही खाल्ली, टरफले कोणी उचलायची?

शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. बाळ टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून टरफले उचलण्यास त्यांनी गुरुजींना ठाम नकार दिला. अन्यायाविरुद्धचा बाणा म्हणून ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलो. तिची दुसरी बाजू मात्र आपण क्वचितच सांगतो. ज्याने शेंगा खाल्ल्या त्याने टरफले उचलली पाहिजेत, हेही त्या गोष्टीत अध्याहृतच आहे. आज आम्ही या दुसऱ्या बाजूविषयी लिहिणार आहोत, आणि तेही कोळंबीच्या टरफलांच्या निमित्ताने.

विषय वाचून काही सुज्ञ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. साहित्याला आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या त्रैमासिकात एका धर्मगुरूने कोळंबीच्या डोक्यांवर लेखणी झिजवावी काय? आमचे उत्तर आहे, अवश्य झिजवावी. माणसाची नीती व्यासपीठावरून जितकी कळते, त्याहून अधिक ती त्याच्या मोरीतून आणि कचऱ्याच्या डब्यातून कळते. आमच्या उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर, विशेषतः वसईपट्ट्यात, रविवारी दुपारी कोणत्याही चांगल्या खात्यापित्या घरातील कचऱ्याच्या डब्याचे झाकण उचलून पाहावे. मिस्साहून परतताना मोठ्या हौसेने आणलेल्या कोळंबीचा जवळजवळ निम्मा भाग प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तेथे पडलेला असतो. सोमवारी किंवा मंगळवारी त्याच डब्यात रविवारच्या कालवणाचा उरलेला वाडगा ओतला जातो. या दोन्ही कृतींविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती आम्ही स्पष्ट शब्दांत नोंदवू इच्छितो.

रुपयातले आठ आणे

हिशेबापासून आरंभ करू. एक किलो आख्खी कोळंबी आणली, तिचे डोके मोडले, साल काढली, पाठीचा काळा दोरा ओढून टाकला, की हाती साधारण अर्धा किलो मांस राहते. जातीनुसार थोडे अधिक, थोडे उणे. एकट्या डोक्याचाच वाटा पुष्कळदा एक तृतीयांशाहून अधिक भरतो. म्हणजे कोळंबीसाठी मोजलेल्या रुपयातील जवळजवळ आठ आणे आपण स्वहस्ते कचऱ्यात टाकतो. वाण्याने किलोला नऊशे ग्रॅम साखर तोलली तर आपण बाजार डोक्यावर घेतो. कोळणीशी दहा रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालतो. आणि तीच पिशवी घरी आणून तिच्यातले अर्धे फेकताना आपल्याला काहीच वाटत नाही. घासाघीस करणाऱ्या गृहस्थाला आम्ही काटकसरी म्हणत नाही. त्याची काटकसर दुसऱ्याच्या टोपलीपुरतीच आहे.

पैशाची गोष्ट ज्याची त्याने पाहावी. पण जे फेकले जाते ते केवळ पैशाने घेतलेले नसते. वसई, अर्नाळा, नायगावच्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेले डोल जाळे लावतात. ते जाळे कोणाच्या सोयीने भरत नाही. प्रवाह फिरायच्या आत ते ओढावे लागते, मग ती वेळ मध्यरात्रीची असो वा ऐन उन्हाची. त्या जाळ्यात येणारा जवळा आणि करंदी कोळी भगिनी वाळूवर पसरून वाळवतात, पाखरांपासून राखतात, निवडतात आणि डोक्यावरून बाजारात नेतात. या कष्टाची किंमत आपण पैशात चुकती केली, म्हणून त्या कष्टाचे फळ मातीत घालण्याचा हक्क आपल्याला मिळतो काय?

मोठी कोळंबी बहुधा ट्रॉलरच्या जाळ्यातून येते, आणि तिची कहाणी अधिक कठोर आहे. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात झालेल्या करारानंतर केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता, कोळ्याच्या ताटात अधिक मासळी पडावी हा. पण पुढे परदेशी बाजाराला कोळंबीची चटक लागली आणि समुद्राचा तळ खरवडणारे जाळे देशाच्या साऱ्या किनाऱ्यावर पसरले. हे जाळे कोळंबीबरोबर तळावरचे लहानमोठे सारे जीव उचलते. कोळंबीच्या वजनाच्या कित्येक पट इतर मासळी, पिल्ले, खेकडे त्यात सापडतात. त्यांतील पुष्कळशी खाण्याच्याही उपयोगी पडत नाहीत. तेव्हा आपल्या ताटातल्या मूठभर कोळंबीमागे समुद्राने आधीच मोठी किंमत मोजलेली असते. तिच्यातलीही निम्मी फेकणे म्हणजे मेलेल्याला पुन्हा मारणे होय.

तळ्यातल्या कोळंबीने हा प्रश्न सुटला असे कोणी सांगेल. व्हेनामी नावाची, मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची कोळंबी आपल्या देशात वाढवण्यास २००९ साली परवानगी मिळाली, आणि आज बाजारात दिसणारी एकसारख्या आकाराची फिकट कोळंबी बहुधा तीच असते. तिच्या खाद्यात समुद्रातील मासळीचा कुटा असतोच. या व्यवसायाने किनाऱ्यावरच्या शेतीवर आणि गोड्या पाण्यावर काय परिणाम केले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कडक निर्णय दिला, आणि पुढे २००५ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कोळंबी जाळ्यातली असो वा तळ्यातली, ती स्वस्तात तयार होत नाही. आपण तिला स्वस्त समजतो, इतकेच.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला सुमारे साठ टक्के वाटा घरांचा होता. हॉटेले आणि दुकाने यांचा दोष दुय्यम ठरला. आपण ज्या उधळपट्टीबद्दल पंचतारांकित संस्कृतीला नावे ठेवतो, तिचे मुख्य केंद्र आपलीच मोरी आहे, हे सत्य पचवायला जड आहे.

डोक्यात काय असते?

'डोक्यात घाण असते', हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे. घाण म्हणावी असा भाग पाठीच्या काळ्या दोऱ्यात असतो. ती कोळंबीची आतडी होय आणि ती काढून टाकावी, हे योग्यच. डोक्यात मात्र चव असते. मांसापेक्षा अधिक असते. कच्ची कोळंबी करडी किंवा निळसर दिसते आणि शिजली की लाल होते, याचे कारण तिच्या कवचातील तांबडे रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेले असते. उष्णतेने ते बंधन सुटते आणि दडलेला रंग उघडा पडतो. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून कवचे नुसत्या पाण्यात उकळली तर फिकट पाणी मिळते, आणि आधी तेलात परतली तर केशरी, सुगंधी रस मिळतो.

आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यांचा पाटा-वरवंटा ते जाणून होता. कोळंबीची डोकी पाट्यावर ठेचायची, थोड्या पाण्यात कालवायची, फडक्यातून पिळून घ्यायची आणि तो रस कालवणात घालायचा, ही किनाऱ्यावरच्या अनेक घरांतली जुनी रीत. चार माणसांच्या कोळंबीत दहा माणसांचे कालवण चवदार होत असे, त्याचे रहस्य हेच. एकत्र कुटुंबे गेली, पाटा अंगणात पालथा पडला आणि त्याच्याबरोबर हे शहाणपणही गेले. आता आपण डोकी फेकतो आणि चवीसाठी बाजारातून मसाल्याची वडी विकत आणतो. याला प्रगती म्हणावे काय?

टीका करून मोकळे होणे आम्हांस रुचत नाही, म्हणून रीतही सांगतो. कोळंबी आख्खी घ्यावी. डोके धडाला घट्ट चिकटलेले असावे, डाग काळे नसावेत, वास समुद्राचा यावा, उग्र नव्हे. आणल्याबरोबर डोकी मोडावीत, कारण डोक्यातील पाचक रस कोळंबी मेल्यानंतरही काम करीत राहतात आणि मांस मऊ पाडतात. धुणे सोलण्यापूर्वी करावे. सोललेली कोळंबी नळाखाली धरली की तिची चव मोरीत जाते. सोललेल्या मांसाला हळद-मीठ लावून थंड जागी ठेवावे. मग डोकी आणि साली स्वच्छ निथळून जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलात, ठेचलेल्या लसणीच्या चार पाकळ्यांबरोबर परताव्यात. पाच-सात मिनिटांत त्या लालभडक होतात आणि घरभर वास सुटतो. त्यावर अर्धा किलो कोळंबीच्या सालींना लिटरभर पाणी ओतावे, वीस मिनिटे मंद आचेवर उकळावे, डावाच्या पाठीने डोकी दाबावीत आणि बारीक चाळणीतून किंवा फडक्यातून गाळावे. तासन्तास उकळू नये, रस कडवट होतो.

या रसात वाटण घालून कालवण करावे. भात शिजवावा, तर तो पुलाव होतो. दुधी, पडवळ, वांगे, शेवग्याच्या शेंगा, कैरी यांतली कोणतीही भाजी त्यात शिजवावी आणि कोळंबी अगदी शेवटी सोडावी. कोळंबीला तीन-चार मिनिटे पुरतात. ती गोल वळली, गुलाबी झाली की आच बंद करावी. दहा मिनिटे उकळलेली कोळंबी रबरासारखी होते आणि मग 'कोळंबीत पूर्वीची चव राहिली नाही' म्हणून आपण समुद्राला दोष देतो. रस उरला तर डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी एका वाटीत चार माणसांचे जेवण उभे राहते. गाळून उरलेला चोथाही फेकायचा नाही. तो वाडीत किंवा गच्चीवरच्या कुंडीत वीतभर खोल पुरावा, वर माती दाबावी. वरवर पुरला तर मांजरे उकरतात. वसईच्या वाड्यांनी मासळीचे खत पूर्वीपासून पाहिले आहे. केळीला आणि नारळीला ते मानवते, हे आमच्या शेतकरी बांधवांना आम्ही काय सांगावे!

दोन सावधगिरीच्या सूचना येथेच द्याव्यात. ज्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, त्याला हा रसही वर्ज्य. 'तुकडे काढून नुसता रस्सा वाढला' ही पळवाट जिवावर बेतू शकते. दुसरे असे की समुद्रात जे विष सोडले जाते ते कोळंबीच्या डोक्यातील पिवळसर भागात साठू शकते. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्याने भरलेल्या खाडीतील कोळंबीची डोकी खाऊ नयेत, आणि चांगल्या पाण्यातल्या कोळंबीची डोकीही रोजचे अन्न समजू नये. ज्या समाजाला आपल्या खाडीतल्या मासळीचे डोके खायला भीती वाटते, त्याने खाडीविषयी आवाज उठवायला हवा, हा मुद्दा आम्ही आज जाता जाता नोंदवून ठेवतो.

आक्षेप आणि उत्तरे

आमच्या धर्मग्रामातील भगिनी याला काय उत्तर देतात ते आम्हांस ठाऊक आहे. 'फादर, तुमचे बोलायला काय जाते? सकाळच्या लोकलला लोंबकळत कामावर जायचे, संध्याकाळी परतायचे, मुलांचा अभ्यास, सासूचे औषध, आणि वर तुम्ही आम्हाला डोकी ठेचायला सांगता!' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उडवून लावणारा माणूस स्वयंपाकघरात कधी उभा राहिलेला नाही. काटकसरीचा उपदेश आजवर बायकांच्या पाठीवर लादूनच केला गेला. घरात काही वाया जाऊ नये याची चिंता तिने करायची, आणि कालवण पातळ झाले म्हणून ताट सरकवण्याचा अधिकार त्याने गाजवायचा, अशी ही वाटणी आहे.

म्हणून आमचा उपदेश आम्ही स्त्रियांना करीतच नाही. तो घरातल्या पुरुषांना आहे. रविवारी सकाळी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात तासभर राजकारण बोलणाऱ्या गृहस्थांनी त्यातला अर्धा तास घरी यावे, पाटावर बसावे आणि कोळंबी सोलावी. अर्धा किलो कोळंबी सोलायला सरावाच्या हाताला वीस मिनिटे लागतात. जाळे ओढणे हे पुरुषाचे काम असू शकते, तर तेच जाळ्यात आलेले सोलणे त्याच्या पुरुषत्वाला बाधक कसे? आमच्या धर्मगुरूनिवासात हे काम कधी आम्ही, कधी आमचे सहकारी धर्मगुरू करतात, आणि त्यामुळे आमच्या पौरोहित्याची प्रतिष्ठा कमी झाल्याचे अद्याप कोणी निदर्शनास आणलेले नाही.

दुसरा आक्षेप असा, की सोललेली, गोठवलेली कोळंबी पाकिटात मिळते, मग ही कटकट कशाला? ज्याला खरोखरच वेळ नाही, त्याने ती अवश्य घ्यावी. तिच्यावरील बर्फाच्या थराचे वजन वजा जाता मांस किती, तेवढे पाकिटावर वाचून घ्यावे. एक गोष्ट आम्ही मान्य करतो. कारखान्यात एकाच जागी टनावारी टरफले जमतात आणि त्यांपासून कायटिन व कायटोसान ही मोलाची द्रव्ये काढता येतात. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. कारखान्यातल्या टरफलाला निदान एखादा वाली असतो. आपल्या घरातल्या टरफलाला कोणीही नाही. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात एकत्र जाते, दोन दिवस कुजते, आणि त्याची दुर्गंधी सहन करीत ते उचलणारा सफाई कामगार आपल्याला दिसतही नाही. टरफले कोणी उचलायची, या प्रश्नाचे आजचे खरे उत्तर हे आहे: ज्याने कोळंबी चाखलीही नाही, तो उचलतो. टिळकांच्या गोष्टीतला अन्याय आपण रोज सकाळी घंटागाडीच्या वेळी पुन्हा करतो.

तिसरा आक्षेप कोलेस्टेरॉलचा. कोळंबीत ते अधिक असते हे खरे, पण रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी संपृक्त चरबी तिच्यात अत्यल्प असते. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी ते पाळावे. बाकीच्यांनी तेलात बुचकळून तळलेली कोळंबी मिटक्या मारीत खायची आणि डोके फेकताना मात्र हृदयाची काळजी करायची, हा शुद्ध दांभिकपणा आहे.

शिळे की उरलेले?

आता सोमवारच्या वाडग्याकडे वळू. आपल्या भाषेत 'शिळे' या शब्दाला एक तिरस्काराची धार आहे. ही धार अगदीच निराधार नाही. वीज नसलेल्या काळात, उष्ण आणि दमट हवेत, रात्रीचे मासळीचे कालवण सकाळी विषारी होऊ शकत असे. पण ज्या घरात दोन दारांचा फ्रिज उभा आहे, त्या घराने शिळ्याचे भय बाळगावे आणि कालवण टाकून द्यावे, हे अजब आहे. आपण फ्रिज घेतला कशासाठी? कचरा दोन दिवस थंड ठेवून मग टाकण्यासाठी?

कोळंबी नाजूक आहे, तिला शिस्त लागते. जेवण झाल्यावर पातेले दुपारभर ओट्यावर ठेवू नये. दोन तासांच्या आत, आणि वैशाखात त्याहून लवकर, ते झाकून फ्रिजमध्ये जावे. जेवढे लागेल तेवढेच बाहेर काढावे, सारे पातेले पुन्हा पुन्हा तापवू नये. गरम करताना कोळंबी झाऱ्याने बाजूला काढावी, रस्सा खळखळून उकळावा, मग कोळंबी त्यात सोडून चांगली वाफ आणावी. म्हणजे रस्सा सुरक्षित होतो आणि मांस चिवट होत नाही. शक्यतो दुसऱ्याच दिवशी संपवावे. आमसुलाचे किंवा कैरीचे कालवण दुसऱ्या दिवशी मुरते आणि तांदळाच्या भाकरीबरोबर अधिक गोड लागते, हे ज्याने चाखले आहे त्याला पटवण्याची गरज नाही.

तेच कालवण मुलांना नको असेल तर त्याचे रूप बदलावे. रस्सा आटवून, कोळंबी बारीक चिरून, उकडलेल्या बटाट्यात मिसळून कटलेट करावेत. उरल्या भातात परतावे. अंड्याच्या पोळीत भरावे. फुग्यांबरोबर द्यावे. आमच्या पूर्वजांनी हे केवळ एका दिवसापुरते योजले नव्हते, साऱ्या पावसाळ्यापुरते योजले होते. मे महिन्यात आगोट भरताना सोडे, जवळा, करंदी यांचे डबे भरले जात. जून आणि जुलैत होड्या किनाऱ्यावर विसावत, समुद्र आपली पिल्ले वाढवीत असे, आणि घरात मूठभर सोड्यांनी वांग्याला किंवा मुगाला चव येत असे. समुद्राला विसावा मिळावा आणि माणूसही उपाशी राहू नये, अशी ती व्यवस्था होती. गोव्याच्या बांधवांनी कोळंबी व्हिनेगर-मसाल्यात मुरवून बल्चाँव केले तेही याच बुद्धीने. आज मासेमारीबंदीच्या काळातही आपल्याला ताजी कोळंबी हवी असते, आणि सोड्यांच्या वासाने आपल्या सदनिकेतील शेजारी काय म्हणतील याची लाज वाटते. ज्या वासावर आपले आईबाप वाढले त्याची लाज वाटणे, ही श्रीमंतीची खूण नव्हे.

शुक्रवारची कोळंबी

येथे आमच्या क्षेत्रातला एक विषय आल्यावाचून राहत नाही. उपवासकाळातील शुक्रवारी ख्रिस्तसभेने मांस वर्ज्य सांगितले आहे, मासळी वर्ज्य नाही. या नियमाचा आधार घेऊन आपण शुक्रवारी चिकन टाळतो आणि मोठी सोललेली कोळंबी आणून मेजवानी करतो. चिकनच्या दुप्पट-तिप्पट खर्च करून पाळलेल्या या संयमाला काय नाव द्यावे? नियम अक्षरशः पाळला गेला, त्याचा प्राण मात्र टरफलांबरोबर डब्यात गेला. नियमाचा हेतू ताट साधे व्हावे आणि वाचलेले गरजवंताकडे जावे, हा आहे. शुक्रवारी जवळ्याची चटणी आणि भाकरी खाणारी कोळीण हा नियम पाळते. कोळंबीची बिर्याणी खाणारे आपण त्याच्याशी लपंडाव खेळतो.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो आणि तिचा शेवट विसरतो. लोक पोटभर जेवल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला भाकरी हवी तितकी वाढवता येत होती, त्याने तुकडे मातीत पडू दिले नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून २०१३ मध्ये रोममधील जाहीर भेटीच्या वेळी, टाकलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखे आहे, असा कठोर विचार मांडला होता. त्या वेळी आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या आपल्या लग्नांत काय फरक पडला?

आपल्या लग्नांविषयी एवढेच म्हणतो. पाचशे पाहुण्यांसाठी सातशेंचे जेवण सांगायचे, पाच मांसाहारी पदार्थ मांडायचे, आणि प्रत्येकाने सर्व पदार्थांचे ढीग घेऊन अर्धे टेबलाखाली सरकवायचे, ही रीत आता प्रतिष्ठेची झाली आहे. उष्ट्या ताटांतली कोळंबी कोणालाही देता येत नाही. मात्र पातेल्यात उरलेली देता येते, तीही रात्रीच, गरम असतानाच आणि घेणाऱ्यांशी आधी बोलून ठेवले असेल तरच. सकाळी आंबलेले जेवण अनाथाश्रमाच्या दारात नेऊन ठेवणे हे दान नव्हे. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्याचाच तो एक प्रकार होय.

आमची मागणी

'कोळंबी खाऊच नका' असे सांगणारी एक मंडळी आहे. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो, पण आमची मागणी ती नाही. ज्या समाजाचे पोट समुद्रावर चालते, त्याला समुद्राचे अन्न सोडायला सांगणे हा दूरच्या शहरातला सोपा शहाणपणा आहे. आमची मागणी अधिक अवघड आहे: खा, पण सगळे खा. कमी आणा, आख्खी आणा, कोळणीकडून आणा, आणि तिने सांगितलेल्या भावात आणा. लहान, अंडी भरलेली कोळंबी टोपलीत दिसली तर ती नाकारा, आणि का नाकारली तेही सांगा. सोलायला घरातल्या मुलग्यांना बसवा. डोकी पातेल्यात जाऊ द्या, चोथा मातीत जाऊ द्या, उरलेले कालवण दुसऱ्या दिवशीच्या भाकरीबरोबर पोटात जाऊ द्या. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांना आणि युवा संघटनांना आमची विनंती आहे की येत्या वर्षी पाककलेच्या स्पर्धा घ्यायच्या असतील तर सजवलेल्या ताटांच्या घेऊ नयेत. 'उरल्यातून काय केले' या विषयावर घ्याव्यात, आणि स्पर्धकांत निम्मे पुरुष असावेत अशी अट घालावी.

या लेखावर काही वाचक रागावतील. त्यांची पत्रे आम्ही आनंदाने वाचू. पण पत्र लिहिण्यापूर्वी त्यांनी एक करावे. येत्या रविवारी कोळंबी आणली की सोलल्यानंतरचे मांस आणि टरफले वेगवेगळी तोलावीत, आणि दोन्ही आकडे पत्रात अवश्य लिहावेत.